अर्धी गाडी तुमची, अर्धी माझी

आप्पा, आज आमच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण मुलीनं मला विचारलं, "मॅडम, नवी गाडी घेतलीय, रंगावर मेण लावून घेऊ का सीलंट?" आणि मला असं काही हसू फुटलं की हातातली काचेची नळी खाली ठेवावी लागली. तिला बिचारीला वाटलं, आपण काहीतरी वेड्यासारखं विचारलं. मग मी तिला रीतसर उत्तर दिलं. मेणानं रंगाला खोल, ओलसर चमक येते, पण ते उन्हापावसात लवकर झिजतं. सीलंट कारखान्यात तयार होतं, त्याची चमक जरा कोरडी, काचेसारखी, पण ते रंगाला घट्ट धरून बसतं आणि महिनोन्महिने टिकतं. रोज पुसायची हौस असेल तर मेण लाव, नसेल तर सीलंट. ती मान डोलावून गेली आणि माझं कामात लक्षच लागेना. ह्याच प्रश्नाला एकदा माझं सगळं पुढचं आयुष्य बांधलं होतं, हे तिला कुठून सांगत बसू? म्हणून घरी आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही त्या सगळ्यात होतात, तरी मला ते आज पहिल्यापासून सांगावंसं वाटतंय. मधे मधे तुम्हाला बोलायची सोय नाही, हे एका अर्थी बरंच आहे. गोष्ट सांगताना तुम्ही मला कधी पुरी करू दिली नाहीत.

आपली अँबॅसिडर बेळगावच्या गॅरेजातून रंगवून आली तो दिवस. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी म्हणून निपाणीला घरी आलेली, आणि पुस्तक उघडं टाकून उंबऱ्यात उभी. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजतो. वळणावरून आधी बॉनेट येतं, मग काच, मग काचेमागं तुम्ही, आणि तुमचा चेहरा असा गंभीर, जणू परीक्षेला बसला आहात. आयुष्याची सुरुवात तुम्ही तंबाखूच्या वखारीत बोद, म्हणजे तंबाखूची मोठाली पोती, उचलून केली होती. मग एका व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून कितीतरी वर्षं काढली. दार उघडून धरायचं, दार लावायचं, दुसऱ्याची गाडी आरशासारखी ठेवायची. आता ही गाडी आपली. जुनी होती, पत्रा ठोकून ठोकून सरळ केलेला होता, पण रंग! पांढराशुभ्र. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आत्ता गं बाई, हिला ठेवायची तरी कुठं?" तुम्ही खाली उतरलात, दार लावलंत, आणि दाराचा आवाज ऐकायला पुन्हा एकदा उघडून लावलंत. मी एवढी हरखले होते की गाडीभोवती पळत सुटले. वीस वर्षांची घोडी, परीक्षा तोंडावर, आणि गाडीला प्रदक्षिणा घालते आहे, असं आक्का म्हणाली.

आक्का म्हणजे तुमची थोरली बहीण. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची म्हणून मीही आक्काच म्हणायची. तुम्ही लहान असताना तिनं वखारीत तंबाखू निवडून तुम्हाला वाढवलं, आणि पुढं विधवा होऊन आपल्याकडं राहायला आली ती घराची कारभारीण होऊनच. ती बोलायला लागली की तुम्ही खाली बघायचात. एवढा धिप्पाड माणूस, घाटात समोरून ट्रक आला तरी स्टिअरिंग न हलवणारा, पण आक्कापुढं तोंडातून शब्द फुटायचा नाही. मला तेव्हा त्याचा फार राग यायचा. कारण मला एम.एस्सी.ला धारवाडला जायचं होतं, तुम्हालाही मला पाठवायचं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि आक्कानं चिकोडीकडचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. मुलगा बँकेत, घरची माणसं चांगली, खोड काढायला जागा नाही. "बी.एस्सी. हुतीया, बास झालं की," आक्का म्हणायची. "आपल्यात एवढं तरी कोन शिकलंय? आनि किती शिकत्यालीस? म्हातारी हुईस्तवर?" मी तुमच्याकडं बघायची, आणि तुम्ही गाडीकडं बघायचात.

आणि त्या गाडीकडं बघता बघताच सगळं सुरू झालं. नव्या रंगाला काहीतरी लावायला हवंच होतं. तुम्हाला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही, कारण तुमचं मेण होतं. आख्ख्या टॅक्सी स्टँडवर त्याचं नाव होतं. खानापूरच्या रानात मध काढणारी माणसं गुंजी स्टेशनाजवळ मेण विकायला बसायची. व्यापाऱ्याला घेऊन तिकडं गेलात की तुम्ही ढेप घेऊन यायचात, पानात गुंडाळलेली, मधाचा वास असलेली. घरी आणून मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात लहान टोप, टोपात मेण. वितळलं की चुलीपासून लांब, मागच्या परड्यात नेऊन त्यात टर्पेंटाईन घालायचं आणि थंड होईपर्यंत ढवळत राहायचं. त्या दिवशी भाकरीला, आमटीला, आईच्या केसांनासुद्धा टर्पेंटाईनचा वास. आई म्हणायची, "हेंची गाडी चमकतीया आन् आमची पोटं." त्या मेणानं तुम्ही व्यापाऱ्याची काळी गाडी अशी केली होती की तो तिच्या दारात बघून केस विंचरायचा. दुसरे ड्रायव्हर चहा पाजून तुमच्याकडून डबीभर मेण घेऊन जायचे. तुम्हाला माणसांनी आयुष्यात ज्या एका गोष्टीसाठी मनापासून वाखाणलं, ती ही.

आणि मी काय करावं? गाडी आली नेमकी त्याच दिवशी मी मामानं मस्कतहून आणलेली बाटली ट्रंकेतून काढली. मामा तिकडं गॅरेजात होता. येताना त्यानं माझ्यासाठी अत्तर नाही, कापड नाही, ही वीतभर बाटली आणली होती, कारण मी रसायनशास्त्र शिकते म्हणजे मला ह्यात गोडी असेल असं त्याला वाटलं. किती बरोबर वाटलं होतं! माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लाडकी भेट. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी, आणि त्यात लिहिलेलं सगळं मला कळत होतं, ह्याचाच मला कोण आनंद. लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, त्या रंगावर पसरतात, एकमेकींत अडकतात, आणि वर पाणी, धूळ, ऊन कशालाच थारा देत नाहीत. पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्या घरात बाटलीत बसलेली! मी अंगणात उभी राहून तुम्हाला सांगत सुटले, "आप्पा, मेण नुसतं वर बसतं, हे रंगाला धरून बसतं. मेण उन्हानं मऊ पडतं, ह्याला उन्हाचं काही वाटत नाही." तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग बाटलीचं बूच काढून वास घेतलात आणि म्हणालात, "वास तर कशाचाच न्हाई गं." तुमच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता.

पण आक्का दारात बसून शेंगा फोडत होती. तिला रेणू कळले नाहीत, पण तिच्या भावाच्या मेणाला कुणीतरी नावं ठेवतंय एवढं कळलं. "काय म्हनतीस? आप्पाच्या मेणापरास ही बाटली चांगली?" मी म्हटलं, "हो." "आन् हे कोन म्हनतंय?" मी म्हटलं, "शास्त्र म्हणतंय." झालं! आक्कानं सूप बाजूला ठेवलं. "मग लाव की पैज. ह्या वीतभर बाटलीनं माझ्या भावाच्या मेणाला हरवलं, तर मी सोता तुला धारवाडला सोडून येतो. आन् न्हाई हरवलं, तर चिकोडीची मानसं बोलवायची आन् तू मुकाट्यानं पाटावर बसायचं. हाय कबूल?" आप्पा, मी तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कबूल!" म्हणून ओरडले. शेजारच्या दारांतून माणसं बाहेर आली, आणि मग मात्र मागं फिरायची सोयच राहिली नाही. नंतर बघितलं तर तुम्ही फडकं हातात घेऊन तसेच उभे. तुमची अवस्था माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मेण जिंकलं तर मुलगी चिकोडीला, मेण हरलं तर आयुष्यभराचं नाव टॅक्सी स्टँडवर धुळीला. आम्ही दोघींनी पैज लावली आणि दोन्हीकडून अडकलात तुम्ही.

निकालाचा दिवस आक्कानंच ठरवला. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. जयंती म्हणजे चौदा एप्रिल, आपल्या गल्लीचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, आणि त्या वर्षी मिरवणुकीच्या पुढं तसबीर घेऊन जायचा मान आपल्या गाडीला मिळाला होता. त्याआधी कधी बैलगाडी असायची, कधी कुणाचा मागून आणलेला ट्रॅक्टर. आपल्या गल्लीतल्या माणसाच्या मालकीची मोटार मिरवणुकीपुढं, हे पहिल्यांदाच होणार होतं. विहाराजवळ माणसं तुम्हाला थांबवून विचारायची, "गाडी तयार हाय न्हवं?" आणि तुम्ही उगाच टायर तपासायचात.

मग जयंतीआधीचा तो रविवार! मी खडूनं बॉनेटच्या मधोमध, टपावरून, मागच्या डिकीपर्यंत रेघ मारते आहे. ड्रायव्हरच्या बाजूची अर्धी गाडी तुमची, डावीकडची अर्धी माझी. पुसायला मऊ कापड हवं, म्हणून आईनं आपलं एक जुनेर काढलं आणि बरोबर मधोमध टरकावून दोघांना एकेक तुकडा दिला. "मला कुनाच्यात धरू नका," म्हणाली, आणि आत गेली, पण खिडकीतून हलली नाही. मी बाटलीवरची एकेक ओळ मोठ्यानं वाचून कामाला लागले. रंग स्वच्छ हवा, सावली हवी, थर पातळ हवा. तुम्ही पलीकडून म्हणालात, "पातळ म्हंजे आनखी पातळ. दिसाय नगं." माझ्या बाजूचं भलं तुम्ही मला सांगत होतात! आणि तुमच्या बाजूला तुम्ही काय करत होतात ते बघून मी पुसायची थांबले. तुम्ही मेण लावून असं घासत होतात, असं घासत होतात, की खांद्यावरचा सदरा भिजून काळा पडला. बोटभर जागा, गोल गोल, मग पुढची बोटभर. मी इतक्या वर्षांत तुम्हाला इतकं मन लावून काही करताना बघितलं नव्हतं. शेवटी मला राहवलं नाही. आक्का ऐकत नाही असं बघून मी बॉनेटवरून वाकले आणि हळूच म्हणाले, "आप्पा, जरा कमी घासा की."

तुमचा हात थांबला. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, फारसं रागावलातही नाही, पण त्या क्षणी तुम्ही जे बघितलंत ते मला मारापेक्षा लागलं. "खोटं घासू?" तुम्ही म्हणालात. "मी खोटं घासलो आन् तू जिंकलीस, तर ते जिंकल्यालं कशात मोजायचं? धारवाडात जाऊन तू त्यांना काय सांगणार, मला माझ्या बानं मुद्दाम जिंकू दिलं म्हणून?" आणि परत घासायला लागलात, आधीपेक्षा जोरात. माझे कान तापले. मग मीही इरेला पेटले आणि माझी बाजू अशी काही पुसली की आईचं जुनेर जागोजागी विरून गेलं. संध्याकाळपर्यंत गाडी अशी दिसत होती की गल्लीतली माणसं जेवण सोडून बघायला आली. तुमच्या बाजूला दुधावर साय धरावी तशी मऊ चमक, माझ्या बाजूला काचेची. कुणी म्हणे ही, कुणी म्हणे ती. मला तर दोन्ही बाजू आवडत होत्या, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

मिरवणुकीचं ऊन आठवतं का? दुपार कलली तरी रस्ता तापलेला. टपावर तसबीर, हार, निळे झेंडे, पुढं लेझीम, त्याच्या पुढं हलगी, आणि आपली गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं. तुम्ही नवा पांढरा सदरा घातलेला, मागं आक्का आणि आई पांढऱ्या साड्यांत, आणि मी गाडीच्या बाजूनं चालत, चालत कुठली, नाचत! परीक्षा विसरले, पैज विसरले. चौकात पोचलो तेव्हा गच्चीवरून निळ्या गुलालाचा पहिला पसा आला आणि बॉनेटवर फुटला. मग दुसरा, मग कुठून कुठून. हवा निळी, माणसं निळी, तुमच्या भुवया निळ्या. तुम्ही वायपर लावला तर काच आणखीच निळी झाली, आणि तुम्ही हसायला लागलात, खिडकीतून डोकं बाहेर काढून, मोठमोठ्यानं, गाडी चालवता चालवता. तुम्हाला तसं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं. मीच पुढं होऊन दोन ओंजळी टाकल्या, एक तुमच्या बाजूवर, एक माझ्या. पैजेचा न्याय तेवढा तरी पाळायला हवा होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या नळावर पाणी आलं तेव्हा भांडी घेऊन आलेली सगळी माणसं भांडी विसरून गाडीभोवती उभी. तुम्ही बादली भरून मला म्हणालात, "तुझी आधी." मी तांब्या भरून माझ्या बाजूच्या बॉनेटवर ओतला. आप्पा! निळं पाणी सरसर खाली गेलं आणि खालून पांढरा रंग असा निघाला, जणू काल रात्रीच लावलाय. डाग नाही, छटा नाही. मी किंचाळले. कॉलेजला जाणाऱ्या मुलांनी टाळ्या पिटल्या. मग तुमची बाजू. तांब्या ओतला, गुलाल थोडा वाहिला आणि थांबला. साबण लावला, तुम्ही हातानं चोळलंत, परत पाणी. निळा गेला नाही. उन्हानं आणि पहिल्या गिअरमधल्या इंजिनानं बॉनेट तापलं होतं, मेण मऊ पडलं होतं, आणि गुलाल त्यात उतरून रंगापर्यंत पोचला होता. बॉनेट, दार, मागचं मडगार्ड, सगळी उजवी बाजू फिकट, सरसकट निळी, सकाळच्या आभाळासारखी. मी नाचत होते. धारवाड! मला वसतिगृहाची खोलीसुद्धा दिसायला लागली. लोक आक्काकडं वळले, कारण निकाल तिनं द्यायचा होता.

आक्का हात मागं बांधून गाडीभोवती एक फेरी मारून आली. निळ्या बाजूवर तिनं तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाली, "मेण जिंकलं." मला वाटलं, तिची जीभ चुकली. "आक्का, अगं नीट बघ, माझी बाजू स्वच्छ आहे!" "तेच म्हनतो मी. जयंतीचा रंग पडला आन् हिच्यावर टिकला बी न्हाई. काल कायबी झालंच न्हाई, अशी उभारलीया तुझी बाजू. आन् ही बघ, धरून बसलीया." मी म्हटलं, "अगं, पण लावायचं ते रंग राखायला ना?" आक्का माझ्याकडं वळली. "राखायचं कशापासनं? जयंतीपासनं?" गल्लीत एकच गलका झाला. म्हातारी माणसं माना डोलवत होती, पोरं ओरडत होती, कुणी रेणूंचं मला परत विचारत होतं. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

आणि तुम्ही फडकं पिळलंत. पिळून बादलीच्या काठावर ठेवलंत. आणि म्हणालात, "आक्का, मेण हरलं."

मी तुम्हाला तिच्यापुढं असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता, पण नळावरच्या सगळ्यांना ऐकू गेला. आक्का म्हणाली, "मी म्हनतो जिंकलं, आन् तू तुझ्या मेणाला हरलं म्हनतोस?" तुम्ही तिच्याकडं बघितलंत, खाली नाही, सरळ तिच्याकडं. "मी ड्रायव्हर हाय, आक्का. रंगाला काय लागू नये म्हणून मेण लावत आलोय मी इतकी वर्सं. रंग आत शिरला, म्हंजे मेण हरलं. मला कळतंय ते." टॅक्सी स्टँडवरचे दोघंतिघं तिथंच उभे होते, हे तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही परत एकदा म्हणालात, "हरलं." मला वाटलं, आता आक्का तुम्हाला सगळ्यांदेखत झाडणार. पण तिनं नुसता पदर खोचला. "मग हरलं म्हन. तुझं मेण, तुझी पोरगी. पर एक ऐक माझं. ती निळी बाजू परत रंगवायची न्हाई. हाय तशी ऱ्हाईल." तुम्ही म्हणालात, "न्हाई रंगवत." एवढ्यावर ते मिटलं. मी आईला मिठी मारून तिची धुतलेली साडी ओली करून टाकली.

आणि आक्का शब्दाला जागली की! जूनमध्ये धारवाडला निघालो तर माझ्याआधी ती गाडीत बसलेली, तुमच्या मागं, निळ्या दारावर कोपर टेकवून, जणू तीच एम.एस्सी.ला चालली आहे. बेळगाव सोडलं, कित्तूरपाशी चहा घेतला, आणि प्रत्येक ठिकाणी माणसं गाडीला फेरी मारून बघायची, एका बाजूनं पांढरी, दुसऱ्या बाजूनं निळी. तुम्हाला कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पोरीच्या कॉलेजचा प्रयोग हाय." वसतिगृहाच्या फाटकावर रखवालदारानं अडवलं तेव्हा आक्का खाली उतरली आणि वखारीतल्या कन्नडमध्ये त्याला तिनं असं काही सुनावलं की तो माझी ट्रंक स्वतः उचलून आत घेऊन गेला. जाताना तिनं माझ्या हातात शेंगांच्या चटणीचा डबा दिला आणि म्हणाली, "नापास झालीस तर चिकोडी अजून हाय तितंच." चिकोडीच्या मुलाचं लग्न तोवर ठरलंही होतं, हे मला आईनं आधीच सांगितलं होतं. मी तसं दाखवलं नाही.

दिवाळीला घरी आले. पहाटेची आंघोळ झाली होती, ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं, आणि तुम्ही गाडीला घासत होतात. मी जवळ आले तर मधाचा आणि टर्पेंटाईनचा वास. मेणाची डबी उघडी. निळ्या बाजूला मेण लावून झालं होतं, आणि आता तुम्ही माझ्या बाजूला लावत होतात, बोटभर जागा, गोल गोल, मग पुढची बोटभर. आत जाऊन बघितलं तर मामाची बाटली फळीवर लोणच्याच्या बरणीशेजारी, त्या रविवारी मी जेवढी ठेवली होती तेवढीच भरलेली. मी बाहेर आले आणि म्हणाले, "आप्पा, मेण हरलं म्हणालासा की."

"व्हय," तुम्ही म्हणालात, "म्हणालो की." आणि फडकं उलटं करून परत घासायला लागलात.

मला तेव्हा कळलं. माझ्यासाठी बोटभर जागासुद्धा कमी घासायला तयार न झालेला माणूस, नळावर सगळ्यांसमोर, स्वतःच्या मेणाबद्दल, आणि तेही आक्काला, खोटं बोलला होता. एकदाच. पुढं तुम्ही गाडी विकेपर्यंत तिला दुसरं काही लावलं नाहीत. स्टँडवरचे लोक मेण मागायला यायचे थांबले होते, असं आई म्हणाली. तुम्ही त्याबद्दल माझ्याजवळ चकार शब्द काढला नाहीत, आणि मी पास झाल्याची तार आली तेव्हा पेढे मात्र स्टँडवरच आधी वाटलेत.

आप्पा, मी जन्मभर रंगांच्याच कारखान्यात काम करत आले. ताज्या रंगावर लगेच काही लावायचं नसतं, तो आधी सुकून पक्का व्हावा लागतो, हे मला इथं येऊन कळलं, तेव्हा तुम्ही गेलेले होतात. आपण दोघं कच्च्या रंगावर पैज खेळलो. माझ्या शास्त्राला विचारलं तर ते म्हणेल, हा सामनाच धरू नका. आणि आक्काला विचारलं तर ती आजही तेच म्हणेल जे तेव्हा म्हणाली. तिचं म्हणणं मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं होतं, त्यावर मी हॉस्टेलात मैत्रिणींना हसवलंही होतं. पण हल्ली जयंतीला चौकात उभी राहते, हवेत निळा गुलाल असतो, आणि मला तुमच्या बाजूचं बॉनेट आठवतं, माझ्या बाजूचं आठवत नाही. कितीही आठवून बघितलं तरी आठवत नाही.

हे पत्र घडी करून मी टेबलाच्या खणात ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं ठेवणार? आक्काला हे सांगायला हवं होतं, तीही गेली. तुमच्यापाशीच कबूल करते. पैज मी हरले होते, आप्पा.